गुरुवारची जागा

सोहारच्या शाळेत दुसरी 'क',
चौतीस मुलं, सतरा बाकं
आणि एक एसी, जो एकाच बाकावर मेहरबान.

रविवार ते बुधवार नकाशा माझा.
पेन्सिलीनं काढलेला, शाई मला परवडत नाही.
रुमैसा आणि हृद्या लांब लांब,
दोघींची मिळून एकच जीभ, तीही न थांबणारी.
जोविता पुढे, तिचा चष्मा अजून मंगळूरहून यायचाय.
अभिनंद माझ्या टेबलाला खेटून;
त्याला ती शिक्षा वाटते, मला सोय.

गुरुवारी मात्र जो तो आपला राजा.
एसीखालच्या बाकासाठी चिप्सच्या पाकिटाची लाच,
खोडरबरांचे करारमदार,
"मी दप्तर आधी टाकलं!"
मी हजेरीपटात डोकं घालून
ऐकू येत नसल्याचं नाटक करते.
कुणाशेजारी कुणीच बसत नाही
ते गुरुवारीच कळतं.

मला कुणी विचारलं नव्हतं.
परतूरच्या शाळेत बसकरपट्टीवर
घुगे गुरुजी मार्कांप्रमाणे ओळ लावायचे.
मी चार वर्षं दाराशी,
चपलांच्या वासात पाढे पाठ केले.
अजून सतरा पंचे पंच्याऐंशी म्हटलं
की नाकाला ओलं चामडं आठवतं.

डिसेंबरात ताहमीद गेला.
बंदरावरचं वडिलांचं काम संपलं,
दहा दिवसांत घर आवरलं,
टीव्ही शेजाऱ्यांना, सायकल वॉचमनला.
बाक उरलं. अर्धं.
एबिन नकाशातही तिथंच, गुरुवारीही तिथंच,
ना एसी, ना खिडकी,
मोकळ्या जागेवर पाण्याची बाटली उभी करून.

मी सात आठवडे काहीच केलं नाही.
याला वर्गनियोजन म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला.

मग विशाखापट्टणहून लास्या आली,
दाराशी उभी, दप्तर पोटाशी धरून.
रिकामी जागा एकच.
मी खोडरबर उचललं, परत ठेवलं,
आणि नकाशा एबिनपुढे सरकवला.
"तू सांग."

तो बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिला.
मग सरकला.
स्वतः ताहमीदच्या जागेवर,
आपली जागा तिला.
"इकडचा पाय डुगडुगतो," म्हणाला,
"खाली कागदाची घडी लाव, चार पदरी.
तीन केल्यास तर पुरत नाही."

ती वाकून बघू लागली.
मी नकाशात दोन नावं लिहिली,
पेन्सिलीनंच.
मान वर केली तर
रुमैसा हृद्याच्या बाकावर,
अभिनंद एसीखाली डोळे मिटून,
आणि वार होता बुधवार.