अंशतः खरे आहे

कंधारच्या तहसीलसमोर, लिंबाखाली माझं मशीन होतं.
'ळ' अडकायचा त्याचा.
आणि आमच्या भागातले प्रश्न बघा:
तळं, नळ, शाळा, दुष्काळ, टाळाटाळ.
दर वेळी बोटानं काडी उचलून खाली बसवावी लागे.

सोजरबाई केंद्रे, दोन वेळा आमदार,
दुसऱ्यांदा एकशे एक्केचाळीस मतांनी.
सोमवारी, बाजाराच्या गर्दीत, यष्टीनं यायच्या.
पिशवीत तुटक्या चपला, दुरुस्तीला.
शेजारच्या स्टुलावर बसून सांगायच्या, मी टंकायचो:

सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:
(१) खडकमाळच्या धुरपताबाई गुट्टे यांचे निराधार मानधन
त्या मयत असल्याच्या नोंदीवरून बंद झाले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्या रोज सकाळी सरपणाला जातात, ते कशा?

मी थांबलो.
बाई, असं नसतं लिहीत.
मग कसं असतं? जाते ना ती?

धुरपताबाई समोरच उभी, पदरात भुईमुगाच्या शेंगा.
"मी जित्ती हाव, साहेब. बघू लालाव की तुम्ही."
मला म्हणत होती साहेब.
अर्जावर अंगठा घेतला तर नुसता डाग आला,
एक रेघ नाही त्यात.
खडी फोडण्यात, ताटं उपटण्यात
कुठंकुठं सांडल्या असतील रेघा.

उत्तर चार महिन्यांनी आलं.
(१) अंशतः खरे आहे.
(२) प्रश्न उद्भवत नाही.

बाईंनी कागद ओठ हलवत दोनदा वाचला.
म्हणाल्या, मैनोद्दीन, अंशतः म्हणजे किती?
कंबरेपर्यंत मेली का?
मी हसलो. त्या नाही हसल्या.
म्हणाल्या, नवा कागद घाल.

तोच प्रश्न पुढच्या अधिवेशनात. मग त्याच्या पुढच्या.
कार्बन इतका झिजला की तिसरी प्रत
उजेडात धरूनच वाचावी लागे.
शेवटी पोळ्याच्या आठवड्यात
धुरपताबाई कागदावर जिवंत झाली.
मधल्या काळाचा फरक मिळाला नाही,
मेलेल्या महिन्यांना मानधन नसतं म्हणे.
तिनं पहिल्या शंभरातून पेढे आणले पावशेर.
बाईंनी पुडा उचलला आणि आत नेऊन
ज्यानं तिला मारलं होतं त्या कारकुनासमोर ठेवला.
त्यानं दोन खाल्ले.

सगळंच असं झालं नाही.
ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचं वसतिगृह मंजूर झालं,
पत्रे आले, खांब आलेच नाहीत.
दवाखान्याला डॉक्टर मिळाला, तीन आठवडे टिकला.
मुक्कामी गाडीसाठी मात्र सतरा पत्रं, आणि ती आली.
ड्रायव्हरला झोपायला जागा नाही म्हणून बंद पडायला लागली,
तर बाईंनी भावाच्या घरची बाज
समाजमंदिरात नेऊन टाकली.
भाऊ वर्षभर बोलला नाही.

तिसऱ्या वेळी हरल्या.
पुढच्या सोमवारी स्टुलावर हजर, पिशवी तीच.
आता कुणाला लिहायचं, बाई?
प्रश्न तेच हायत, म्हणाल्या. पाकीट बदल.
खाली सवयीनं मी 'आमदार' टंकलं.
त्यांनी पेन मागून घेतला,
वर काकपद करून 'माजी' लिहिलं,
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसल्या.

आता मशीन माझ्या घरी, पलंगाखाली.
बाईंना जाऊन सहा वर्षं झाली.
परवा माझाच हयातीचा दाखला काढायला गेलो.
काचेवर अंगठा ठेवला. जुळेना.
पुसून ठेवला. जुळेना.
चाळीस वर्षं कळा बडवल्या,
माझ्याही रेघा गेल्यात त्या कागदांबरोबर.

पोरगा चांगला होता. म्हणाला, चाचा, दुसरं बोट लावा.
मी 'ळ' उचलणारं बोट लावलं.
मशीन विचार करत राहिलं.
बाहेर खडकमाळची गाडी सुटायच्या बेतात होती,
कंडक्टर दार आपटत होता.

हलू नका, चाचा, पोरगा म्हणाला.
हलू नका.