पानाची डावी बाजू

क्लिफर्ड स्टॅदर्स अर्धंच ताट जेवतो.
उजवीकडचा कुस्करलेला बटाटा संपतो, गाजर संपतं,
डावीकडे मासा गार होत पडून राहतो
आणि तो म्हणतो, आज मासा दिला नाहीस, सिस्टर.
वीस वर्षं आइसलंडपर्यंत जाऊन मासे आणले याने.
मी काही बोलत नाही. ताट फक्त फिरवते.
"हा बघ, आला," म्हणतो, आणि चमचा उचलतो.

हलमधला नोव्हेंबर. चारलाच काळोख.
आठव्या मजल्यावरून हंबर नदी
पुसायची राहिलेली रेघ वाटते.

मेंदूच्या उजव्या भागात एक गुठळी
आणि जगाची डावी बाजू रद्द.
डोळे शाबूत आहेत, टॉर्च मारला की बाहुल्या नीट आकसतात.
दिसतं सगळं. ते मोजावंसं वाटत नाही, इतकंच.
घड्याळ काढा म्हटलं तर बाराही आकडे उजवीकडे,
बोट कलंडल्यावर सामान घसरावं तसे.
इंग्रजीतलं नाव फाइलवर आहे.
माझ्या मनात मात्र आपलं क्रियापद येतं: डावलणं.
मिरजेला शिकताना हजारदा वापरलं असेल,
मेट्रनने सुट्टीच्या यादीत डावललं, मावशीने आमंत्रणात डावललं.
त्यात डावा हात दडलाय
हे इथे कळलं, त्याचा डावा हात उशीवर ठेवताना.

तो हात त्याला आपला वाटत नाही.
पहाटे दोनला कूस बदलायला गेले तर कुजबुजला,
"सिस्टर, या पलंगात कुणीतरी हात विसरून गेलंय.
गार पडलाय. शोधत येईल बिचारा."
येईपर्यंत सांभाळू या, म्हटलं,
आणि हात पांघरुणात घेतला.

डोरीन रोज येते, दोन बस बदलून.
मी तिची खुर्ची डावीकडे ठेवते.
त्याने वळावं म्हणून. उपचारच आहे तो.
पहिल्या दिवशी ती चिडली:
"हा समुद्रावर असताना मी धक्क्याकडे डोळे लावून बसले.
आता हाताच्या अंतरावर आहे, तर नजरेबाहेर बसू?"
उत्तर पाठ होतं. दिलं नाही.
या दुखण्याला आपण अर्धांग म्हणतो, बायकोला अर्धांगी,
हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?
ती बसली.
तो उजवीकडच्या भिंतीला सांगत राहिला,
आज डोरीनला उशीर झाला.

गुरुवारी मी चहात घट्ट करायची पावडर ढवळत होते,
ठसका लागू नये म्हणून घालतात ती.
तेव्हा तीच सहज म्हणाली,
"हा लेफ्ट कधी म्हणायचाच नाही. घरातसुद्धा.
मीठ पोर्टला ठेव, म्हणायचा."
पोर्ट. बोटीची डावी कूस. रात्री तिथे लाल दिवा असतो.
आमच्याकडेही मीठ डावीकडेच वाढतात, मी म्हटलं.
तिला वाटलं, मीही खलाशाच्या घरची.

मी त्याच्या कानाशी वाकले.
"क्लिफ, पोर्टला दिवा दिसतोय का बघ."

मान थांबली.
मग हलली, गंजलेल्या कडीसारखी.
पाण्याचा जग. टिश्यूचा खोका. पलंगाचा कठडा.
लाल कार्डिगनची बाही.
दुसरं बटण.
तिथे अडली. चेहरा अजून वीतभर लांब होता.
"कुणीतरी आहे," तो म्हणाला. "दिवा लावून थांबलंय."
आणि दमून पुन्हा भिंतीकडे वळला.

नोंदवहीत मी लिहिलं: डावीकडे पाहिलं, बटणापर्यंत.
चहाची तोवर खीर झाली होती.
डोरीनने ते बटण उगाच काढलं, उगाच लावलं.
खुर्ची मात्र
इंचभरही हलवली नाही.