तीन इंच

अंबडच्या कंपनीत एकवीस वर्षं
मी व्हर्निअर धरून बसायचो.
केसाएवढी चूक निघाली
की अख्खी बॅच परत.
आता हातात मंदाचा शिलाईचा टेप.
न्हाणीचं दार बावीस इंच,
खुर्ची पंचवीस.

मधल्या तीन इंचांत
मंदा मला रोज उचलते.
तिची कंबर कुठल्याच अर्जात येत नाही.

सिव्हिलमध्ये गुडघ्यावर हातोडी मारली,
पाय काही बोलला नाही.
लिहिलं : अठ्ठ्याहत्तर टक्के.
म्हटलं, डॉक्टर, माझं झालं. घराचं?
तीन पायऱ्या, उंबरा, ते दार,
सिडकोचं हे घर किती टक्के अपंग आहे?
त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

महापालिकेत खिडकीमागं बोरस्ते बाई.
फॉर्म उलटा फिरवून हळूच म्हणाल्या,
‘रॅम्प’ लिहू नका हो, ते बांधकाम होतं,
बांधकामाचं खातं वरच्या मजल्यावर,
आणि लिफ्ट बंद आहे.
‘साहाय्यक साधन’ लिहा.
लिहिलं.
माझं साधन : विटा, वाळू, सहा गोणी सिमेंट.

अठरा इंच उंचीला अठरा फूट उतार.
आमच्या दारापुढं सातच फूट.
उरलेले अकरा गायधनींच्या दारापुढं,
ज्यांच्याशी पाण्याच्या पाइपावरून
चार वर्षं बोलणं नव्हतं.
संमतीचा स्टॅम्पपेपर त्यांनी दोनदा वाचला.
‘बुलेट कुठं लावू?’
मी काय सांगणार?
सही केली. सकाळी बघतो तर
कुंड्या त्यांनीच सरकवलेल्या.

आधी काम, मग बिल, मग पैसे.
म्हणून मंदानं भिशी अर्ध्यात उचलली,
बायकांचं ऐकून घेतलं.
बिल लावलं, तर वर पत्र आलं :
‘अर्जदार कामासमोर उभा असलेला फोटो जोडावा.’
मंदा इतकी हसली की शेगडीवरचं दूध गेलं.
मग मीही.
बसलेलाच पाठवला.
मागं गल्लीतली पोरं मात्र सगळी उभी.

लागले एकेचाळीस हजार, आले सत्तावीस.
न्हाणीचं दार तसंच आहे.
त्याचं सदर वेगळं, वर्ष वेगळं;
बाई म्हणाल्या, एप्रिलात या.

पहिल्या दिवशी रात्री अकराला उतरलो,
कुणी बघू नये म्हणून.
कोपऱ्यावरच्या बंद गिरणीपर्यंत गेलो.
दीड वर्षानं तिचा पिठूळ वास.
कुत्रं भुंकलं, मग ओळखलं बहुतेक.

परतताना कळलं,
त्यांच्या कागदावर आहे तो उतार.
घरी जाताना तोच चढ असतो.
गायधनींच्या ओट्यापाशी दम लागला, थांबलो.
आतून दिवा लागला,
आणि कुणीच बाहेर आलं नाही,
फक्त लागलेला राहिला
मी वर पोचेपर्यंत.