गिरणीवरचा वर्ग

दांडिया बाजारात ठाकोरभाईंची गिरणी,
गिरणीवर दस्तूर सरांचा वर्ग.
ज्या वेळी गल्लीची बाजरी दळली जाते
त्याच वेळी आमचं इंग्रजी.

सर म्हणतात, "गिव्ह..."
आणि खाली पट्टा चढतो.
पुढचा बारका शब्द पिठात जातो.
अप की इन? आउट की अवे?
सर फळ्यावर पुन्हा लिहितात, ओरडून सांगतात,
मोठ्या शब्दाला भुलू नका.
मला कळतं ते असं:
मोठा शब्द बैल, बारका शब्द कासरा.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते.
डिसेंबरात परदेशची माणसं येतात,
पुतणीचं लग्न, वर्षभराचं लोणचं आणि रूट कॅनाल
एका सुट्टीत उरकून जातात.
मागच्या खेपेला न्यू जर्सीहून एकांचा फोन.
मला म्हणायचं होतं, जरा थांबा, फाइल बघते.
म्हटलं, "सर, प्लीज हँग अप."
सज्जन माणूस. लगेच ठेवला.
मी फाइल हातात धरून हॅलो हॅलो करत राहिले.
एक शब्द चुकला, तीन कॅप गेल्या.
डॉक्टर काही बोलले नाहीत,
वर्गाची फी मात्र त्यांनीच भरली.

लुक फॉर, शोधणं. लुक आफ्टर, सांभाळणं.
लुक डाउन ऑन
मला अलकापुरीतल्या बंगल्यांनी आधीच शिकवलं होतं.
पुट ऑफ, पुढे ढकलणं:
माझी स्वतःची अक्कलदाढ, दोन वर्षं.
पुट अप विथ. सोसून घेणं.
सर म्हणाले, तीन शब्द आहेत, पाठ करा वैजयंतीबेन.
म्हटलं, सर, हे पाठच आहे.

रात्री भाकरी थापताना हात थांबला.
अरे, आपल्याकडे हे आहेच की!
खाऊन घे वेगळं, खाऊन टाक वेगळं,
दोन्ही म्हणणारी आई एकच,
मध्ये फक्त शाळेची रिक्षा येऊन उभी.
बोलून बसले, यात कुठे आहे बसणं?
आणि भाऊ निघाला म्हणजे येईल.
भाऊ निघून गेला म्हणजे
त्याचं ताट मांडू नका.
हे मला कुणी शिकवलं, कुठल्या फळ्यावर?
खाली तेव्हा कुठली गिरणी चालू होती?

या डिसेंबरात लेस्टरहून कुसुमबेन आल्या.
मी तयार. फिल इन, सिट डाउन, होल्ड ऑन,
सगळे कासरे हातात.
त्यांनी गालावर पदर दाबला,
"बेन, बहु दुखे छे."
दुखणं घरच्याच भाषेत आलं.
माझी वही मिटलेलीच राहिली.

बरोबर नातू, आठ-नऊ वर्षांचा,
त्याला मात्र इंग्रजीच तेवढी येते.
बाकावर बसला, बूट जमिनीला टेकेनात.
आजी आत गेली, दार लागलं.
माझ्याकडे बघून म्हणाला,
"विल शी पुल..."
आणि आत ड्रिल सुरू झालं.

अप? डाउन? ऑफ? आउट?
पान आठवेना.
त्याच्या ओठांकडे बघून शब्द कळेना,
म्हणून डोळ्यांकडे बघितलं
आणि येस म्हटलं.
शेजारी जाऊन बसले. पुन्हा येस म्हटलं.
त्याने माझ्या बांगड्या मोजायला घेतल्या,
ड्रिल थांबेपर्यंत सतरा झाल्या.
माझ्या हातात सहाच आहेत.

संध्याकाळी सरांना विचारलं.
"पुल थ्रू असेल," सर म्हणाले,
अर्थ सांगायला तोंड उघडलं
आणि ठाकोरभाईंनी पट्टा चढवला.
सरांनी मग नुसता हात केला,
पुराच्या पाण्यातून कुणाला
पलीकडच्या काठावर काढावं, तसा.

तरून जाणं, मी लिहिलं.
हे 'जाणं' भावाच्या जाण्यासारखं नाही.
खाली उतरून दळण उचललं.
पीठ अजून ऊन होतं.