झडप

एमलिन झडप उचलतो
आणि ओढा आत येतो,
उशीर झालेल्या कामगारासारखा, मान खाली घालून.
चाक आधी खोकतं.
मग एकेक फळी भिजत जाते
आणि वरच्या मजल्यावर धोटा
खटक्-खट, खटक्-खट.

वेल्सच्या शाळेतली पोरं कानांवर हात ठेवतात.
एमलिन काहीतरी सांगतोय;
ऐकू कुणालाच येत नाही,
त्यालाही नाही.

याच मागावर त्याची आई मार्गेड
ओठ वाचायला शिकली.
मग घरीसुद्धा बिनआवाज बोलायची:
जेवायला ये. दार लोटून घे.
तुझा बाप आता यायचा नाही.

तेव्हा वारावर पैसे मिळायचे,
आता तिकिटावर मिळतात.
घोंगडी बाहेरच्या दुकानात मांडलेली असते,
वीण तीच, लाल-काळी,
चिठ्ठीवर किंमत:
आईची दीड वर्षाची मजुरी.
हे तो पोरांना सांगत नाही.

तेल, ओली लोकर, मेंढीचा वास.
पुढे उभी असलेली नेस्टा
हात कानांवरच ठेवून
नुसते ओठ हलवते:
पाणी दमत नाही का?

कितीतरी वर्षांनी कुणी त्याच्याशी
घरच्या भाषेत बोललं.
तो उत्तर देतो,
तसंच, ओठांनी.
बसमध्ये बाई विचारतात, काय म्हणाले गं ते?
नेस्टा खिडकीबाहेर बघते.

साडेचारला झडप पडते.
चाक तरी अडीच फेरे घेतं
पाण्याशिवाय.
एमलिन टोपीवरची लोकर झटकतो,
किल्ल्या कुठे ठेवल्या ते शोधत बसतो.