अंगठ्याखाली

दर भागात एकदा तरी तो दार ठोठावायचा.
ओला कोट, खिशातून ओळखपत्र:
"इन्स्पेक्टर प्रॉथेरो."
झालं. पाळण्यातलं नाव कुणालाच ठाऊक नाही.

ते कार्ड नेरिसने बनवलं होतं,
कार्डिफला, स्टुडिओच्या मागच्या खोलीत.
लेखक म्हणाला, आडनाव पुरे,
बाकी कोरं ठेव, तिथे त्याचा अंगठा येईल.

पण एवढ्या थंडीत, परक्यांच्या मढ्यांपाशी
माणसाला नुसत्या आडनावावर कसं धाडायचं?
तिने बारीक अक्षरात एक नाव लिहिलं.
बोलली नाही कुणाला.

नऊ वर्षं. ब्याऐंशी खून.
पबमधून पैजा लागल्या;
स्वान्सीच्या एका न्हाव्याने तर
स्वतःच्या मुलाचं बारसंच लांबवलं.

शेवटच्या दिवशी कार्ड परत आलं.
अंगठ्याने शाई पार खाल्लेली,
एक मळकी, गुळगुळीत जागा.

नेरिस आता एक्क्याण्णव.
जुने भाग पुन्हा लागतात, चहा निवतो,
नर्स म्हणते, आता तरी सांगा की.
तिला एवढंच आठवतं:
शेवटच्या अक्षरावर निब अडखळली होती,
आणि तिने फुंकर घातली होती.

टीव्हीवर दार उघडतं. तो खिशात हात घालतो.
नेरिस खुर्चीतून पुढे वाकते.