पावती क्रमांक एक

कोठीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
अडीच टेबलांचं. त्यातलं अर्धं स्टँपवाल्या परमारभाईंचं.
आत कुठल्या खिडकीला कोण बसतं, किती वाजता उठतं,
फाईल कशाने हलते आणि कशाने झोपते,
हे मला तोंडपाठ. शाळेत पाढे नव्हते तेवढं.

तामांडा आली ती मुक्कामाच्या परवान्याच्या नकला काढायला.
मलावीची. वाघोडिया रोडच्या कॉलेजात नर्सिंगला.
हॉस्टेलचं नेट संध्याकाळी मरतं, म्हणाली,
सुर्वेबेन, तुमच्याकडे दोन तास बसू का, सहा आठवडे?
फुकटचा वर्ग आहे, आमच्याकडच्या पोरांसाठी.
कसला गं?
तिने हिंदीत शब्द शोधला, सापडला नाही,
मग टेबलाखाली हात नेऊन दोन बोटं चोळली.
परमारभाई असे हसले की शिक्क्याची शाई सांडली.

म्हटलं, याला वर्ग कशाला,
इथे पोरं अंगणवाडीतच शिकून येतात.
तसा नाही, ती म्हणाली. उलटा.

साडेसहाला पडद्यावर चौकटी उजळायच्या:
किगाली, लुसाका, आक्रा, कुठलंसं नाकुरू.
एकाच्या मागे कोंबडा, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर,
एकाकडची वीज जायची, तरी तो
अंधारातून बोलत राहायचा.
मी शटर अर्धं ओढून चिल्लर मोजत बसायचे.
इंग्रजी नुसतं अंगावरून जायचं, पंख्याच्या वाऱ्यासारखं.

तिसऱ्या आठवड्यात नाकुरूचा मुलगा काही सांगत होता,
पोलीस, ट्रक, रात्र,
आणि मध्येच म्हणाला: चाय.
मी मान वर केली.
पुन्हा म्हणाला. चाय.

तिकडे असंच मागतात, तामांडा म्हणाली.
तुमच्याकडे काय म्हणतात?

मी सांगत गेले. चहापाणी. चिरीमिरी.
वजन ठेवा. हात ओले करा. वरची कमाई.
इथले म्हणतात वहेवार,
आणि माझी आत्या, तलाठ्याला दिलेली, म्हणायची दस्तुरी.
तिच्या वहीचं पान भरलं.
यातला खरा कोणता? तिने विचारलं.

खरा मी घेतलाच नव्हता.
तो फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीवर असतो,
आणि पाटीसमोर कपाट आहे.

तिच्या जन्माच्या दाखल्याला आईने दोन कोंबड्या दिल्या होत्या.
एक अंडी घालणारी होती, एवढंच तिला आठवतं.

आता माझं सांगते.
खालच्या खणात पाकिटं असतात.
पादऱ्याचं, सावलीचं, डभोईचं. लोक विश्वासाने ठेवून जातात,
सोमवारी मी वर पोचवते, शेकड्यामागे पाच माझे.
धाकटीच्या ट्यूशनची फी त्यातूनच.
हे मी तामांडाला सांगितलं नाही.
ती ज्या स्टुलावर बसायची
तिथे तिचा गुडघा त्याच खणाला टेकायचा.

शेवटच्या परीक्षेत चाळीस प्रश्न. एक तिने मला वाचून दाखवला:
अधिकारी म्हणाला उद्या या, तर तुम्ही काय कराल?
चार पर्याय होते. मला पाचवाच माहीत होता.

आज तिचं प्रमाणपत्र आलं. रंगीत काढून द्या, म्हणाली.
राहू दे गं, म्हटलं, तर वीसची नोट टेबलावर सरळ केली
आणि म्हणाली, पावती द्या.
परमारभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
नऊ वर्षांत ही पहिलीच मागणी.

बिलबुक होतं, दुकान उघडलं तेव्हा छापलेलं,
कोपरा झुरळांनी खाल्लेला.
लिहिलं: तामांडा फिरी, एक रंगीत प्रत, रुपये वीस फक्त.
'फक्त' लिहिताना उगीच हात अडखळला.
सही केली. माझी सही मलाच नवी वाटली.

कार्बन घालायचा राहिला, तो ती गेल्यावर दिसला.
माझ्याकडची प्रत कोरी.
दाबून लिहिलं म्हणून आकडा उमटलाय थोडा,
तिरपं धरलं की दिसतो.

आज शनिवार.
डभोईचं पाकीट खणात आहे.